एक हजार उड्डाणांचा पंचनामा

मुलुंड (पूर्व)
सोमवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप शकुताईस,

तुला आणि सीतारामभावोजींना धाकट्या दशरथाचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा कागदावर जेवढा वाकलोय तेवढा गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? ऐकायचं यंत्र कानात नीट बसतं का? भावोजींची साखर आटोक्यात आहे का, की अजून ते फ्रीजच्या मागे लपवलेले पेढे शोधून काढतात? चारकोपला नवीन रस्ता झाल्याचं ऐकलं. इकडे आम्ही सर्व मंडळी खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरी हकिकत वेगळी आहे आणि ती जरा लांब आहे. कित्येक वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या भावाचं एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर माझा फोन सध्या वनमालाच्या कपाटात आहे, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली, आणि कपाटाची किल्ली तिच्या मंगळसूत्राला अडकवलेली आहे.

सुरुवात आमच्या हर्षदच्या पोटापासून झाली. मागच्या श्रावणात माझ्या लक्षात आलं की हा मुलगा सकाळी संडासात गेला की बाहेर येत नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, सरासरी एक्केचाळीस मिनिटं. (एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो गं, मोजल्याशिवाय माझं मत बनत नाही.) चौतिसाव्या वर्षी पोटाची ही गत म्हटल्यावर वनमालाने कुळथाची पिठी बंद केली, इसबगोल सुरू केला, पपई आणली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा त्याला डॉक्टरकडे नेऊन सोनोग्राफी करवली. रिपोर्टात पोट उत्तम निघालं. इतकं उत्तम पोट आपल्या घराण्यात कोणाचंच नसेल. मग एका रविवारी वनमाला त्या दाराजवळ केर काढत होती तेव्हा आतून हर्षदचा आवाज आला, "उतर... आता उतर... नाही, थोडं थांब... अरे गेलं! गेलं!" वनमालाने केरसुणी बाजूला ठेवून देवघराच्या दिशेने हात जोडले आणि मला म्हणाली, "झालो बाबा एकदाचो मोकळो." पण हर्षद बाहेर आला तो पांढराफटक. मोकळा झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे मला खटकलं. मी काही बोलायच्या आत आमच्या सुनेने, अक्षताने, त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला. पडद्यावर एक लाल विमान होतं. तिने ते पाहिलं, खाली कोपऱ्यातला आकडा पाहिला, आणि एवढंच विचारलं, "आपली स्कूटर?" दोघं दीड वर्ष स्कूटरसाठी पैसे साठवत होती. ती स्कूटर त्या विमानात बसून गेली होती.

आता हे विमान काय प्रकरण आहे ते तुला समजावून सांगतो, कारण मलाही ते समजायला वेळ लागला. मोबाईलवर एक विमान धावपट्टीवर उभं असतं. ते सुटायच्या आधी तू पैसे लावायचे, समज दहा रुपये. विमान उडालं की त्याच्याशेजारी एक आकडा वाढत जातो. एक, सव्वा, दीड, दोन, तीन, कधी दहा, कधी पन्नास. तुझ्यापुढे एक बटण असतं. ते दाबलंस की तू विमानातून उतरलीस. त्या क्षणी आकडा दोन असेल तर दहाचे वीस, पाच असेल तर पन्नास. पण विमान कधीही एकदम उडून नाहीसं होतं. ते नाहीसं व्हायच्या आधी तू उतरली नाहीस तर तुझे दहा रुपये गेले. बस, एवढंच. पंधरा-वीस सेकंदांत सगळा खेळ आटोपतो आणि लगेच पुढचं विमान लागतं. एस.टी.सुद्धा इतक्या तत्परतेने लागली असती तर आपण गावी जास्त वेळा गेलो असतो. पेपरात आलं होतं की असल्या पैशांच्या खेळांना आता कायद्याने मनाई आहे. असेल. पण हे दुकान दर आठवड्याला पत्ता बदलतं आणि नवा पत्ता मोबाईलवर आपोआप येतो.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर चौकशी झाली. मला वाटलं हर्षद रडेल, माफी मागेल. तो तर मला शिकवायला लागला. "बाबा, हा जुगार नाहीये. जुगारात आपल्या हातात काही नसतं. इथे कधी उतरायचं ते मी ठरवतो ना! स्किल आहे यात." त्याच्याकडे एक पद्धतही होती. दहा रुपये लावायचे, दोनवर उतरायचं. हरलो तर पुढच्या वेळी वीस, मग चाळीस, मग ऐंशी. "कधीतरी तर दोनच्या वर जाईलच ना, बाबा?" शिवाय एक चंद्रप्रकाश नावाचे सर होते, जे मोबाईलवरच्या एका ग्रुपात, पुढचं विमान कितीवर जाणार ते फी घेऊन आधी सांगायचे. (या सरांना कोणी पाहिलेलं नाही. ज्याला पुढचं विमान कळतं तो फी कशाला मागतो, हा प्रश्न ग्रुपातल्या नऊ हजार माणसांपैकी कोणाला पडला नव्हता.) मी हर्षदला म्हटलं, "बाळा, गोवंडीपासून घाटकोपरपर्यंत असा काटा नाही ज्याची खोट मी पकडली नाही. महिनाभर थांब. या विमानाची खोट काढून तुझ्या पुढ्यात ठेवतो." ताई, हे वाक्य मी फार रुबाबात बोललो. ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, हर्षदकडूनच ते विमान माझ्या मोबाईलवर चढवून घेतलं आणि तपासणी सुरू केली. पैसे लावायचे नाहीत, नुसतं बघायचं आणि विमान कितीवर गेलं ते लिहायचं. सकाळी वीस मिनिटं, दुपारी दहा. वनमालाला वाटलं मी शेअर बाजार शिकतोय, तिने चहाला आलं घालायला सुरुवात केली. अकरा दिवसांत एक हजार उड्डाणं नोंदली. आणि ताई, खोट सापडली नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढी निराशा कधी झाली नव्हती. विमान कितीवर जाणार हे ते सुटायच्या आधीच ठरलेलं असतं, हे खेळवाल्यांनी स्वतःच नियमांत लिहून ठेवलंय. उडताना दिसतं ते नुसतं चित्र. पूर्ण पाटी आधीच लिहिलेली असते, ते फक्त वरचा कागद हळूहळू सरकवतात. हर्षद ज्याला स्किल म्हणत होता ते म्हणजे लागून गेलेल्या निकालाच्या पाकिटाकडे डोळे वटारून बघणं.

माझ्या वहीत हजारपैकी चारशे त्र्याऐंशी विमानं दोनच्या वर गेली, म्हणजे निम्म्याला थोडी कमी. अठ्ठ्याण्णव दहाच्या वर गेली. नऊ शंभराच्या वर. आणि एकतीस विमानं जागेवरच गेली, बटणापर्यंत बोट पोचायच्या आत. यावरून हिशेब असा निघतो की तू दोनवर उतर, दहावर उतर, की शंभरावर, लावलेल्या दर शंभर रुपयांतले सरासरीने सत्त्याण्णव परत येतात आणि तीन दुकानदार ठेवतो. तीनच! (एकदा गोवंडीच्या बाजारात किलोमागे तीस ग्रॅम मारणाऱ्या कांदेवाल्याचा काटा मी जप्त केला होता. तो बिचारा लपवून मारत होता. हा माणूस दारावर लिहून मारतो आणि गिऱ्हाईक धक्काबुक्की करतं.) आता तू म्हणशील, तीन रुपये म्हणजे काय मोठं? पण ते तीन एकदाच जात नाहीत. जे उरेल ते सगळं पुन्हा, पुन्हा, पुन्हा लावत बसलं तर शंभर फेऱ्यांनी शंभराचे सरासरी पाच उरतात, आणि शंभर फेऱ्यांना अर्धा तास लागतो. हर्षदची एक्केचाळीस मिनिटं आता तुझ्या लक्षात आली असतील. त्याच्या दुप्पट लावायच्या पद्धतीचंही मी वहीत तपासलं. एके ठिकाणी ओळीने नऊ विमानं दोनच्या आत गेली होती. त्या नऊ फेऱ्यांत दहापासून सुरू करणाऱ्याचे पाच हजार एकशे दहा रुपये जातात, आणि एवढं करून दहाव्या फेरीत जिंकलाच तर नफा होतो दहा रुपये. चंद्रप्रकाश सरांचंही मोजलं. त्यांनी चाळीस वेळा "आता पाचच्या वर" असं सांगितलं, त्यातलं आठदा खरं ठरलं. सरांनी काहीच सांगितलं नसतं तरी साधारण आठदाच गेलं असतं.

इथपर्यंत माझं काम चोख झालं होतं आणि मी तिथेच शेरा मारून वही बंद करायला हवी होती. पण आमच्या खात्यात एक रिवाज होता. दुकानाची तपासणी बाहेरून बघून पूर्ण होत नाही, साध्या गिऱ्हाइकासारखं जाऊन थोडा माल विकत घ्यावा लागतो. त्याला चाचणी खरेदी म्हणतात. म्हणून मी दहा रुपये लावले. निव्वळ तपासणीपुरते. दीडवर उतरलो, पंधरा मिळाले. पाच रुपयांचा नफा झाला, पण विमान काही थांबेना. ते वर जात राहिलं आणि त्रेसष्टवर जाऊन गेलं. ताई, मी पाच रुपये कमावून बसलो होतो आणि मला वाटत होतं की कोणीतरी माझे सहाशे रुपये खिशातून काढून नेले. ज्या पैशाला मी कधी हात लावला नव्हता त्याचं दुःख करत मी सबंध दुपार गॅलरीत उभा होतो. वनमालाने चहा आणून दिला तो गार झाला. पुढच्या वेळी थोडा जास्त थांबलो, तर विमान गेलं. मग ते भरून काढायला पुन्हा. हजार उड्डाणांची वही शेजारी उघडी होती, माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, आणि मी एका डोळ्याने ती वाचत दुसऱ्या डोळ्याने बटणाकडे बघत होतो. माहिती असणं आणि बोट थांबणं यांची मध्ये कुठे गाठच पडत नाही, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. पडद्याच्या कडेला इतरांची नावं सरकत असतात, कोण कितीवर उतरला ते. विकी नावाचा कोणी इसम रोज चाळीसच्या वर उतरायचा. मी त्या विकीचा इतका द्वेष करायला लागलो होतो की तो खराच आहे का, हे तपासायचंही राहून गेलं.

मी सवयीने प्रत्येक खरेदी वहीत लिहीत गेलो, हीच माझी चूक म्हणायची की पुण्य, मला ठरवता येत नाही. कबूल केल्याप्रमाणे महिन्याने रविवारी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. चष्मा लावला, वही उघडली आणि हर्षदला एकेक आकडा समजावून सांगितला. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. पाटी आधीच लिहिलेली असते हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि नऊ विमानांचं सांगितलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला अकरा लागली होती, बाबा." माझ्या बोलण्याला धार चढली. स्वयंशिस्त, घराण्याचं नाव, कष्टाचा पैसा, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मी बोलत असताना अक्षताने वही आपल्याकडे ओढली आणि पानं उलटायला लागली. ही मुलगी लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर लोकांचे रिपोर्ट वाचते. तिने एका पानावर बोट ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, हा शेवटचा रकाना कसला? यात 'चा. ख.' लिहिलंय."

मी म्हटलं, "चाचणी खरेदी."

"एकशे बारा वेळा?"

हर्षदने वही घेतली, बेरीज केली (पोराचं गणित चांगलं आहे, म्हणून तर पद्धत काढली होती) आणि माझ्याकडे न बघता ती आईपुढे सरकवली. आकडा अठरा हजारांच्या आसपास होता. वनमालाला तो ओळखायला एक क्षण लागला नाही, कारण तेवढीच रक्कम तिने कवळीसाठी वेगळी काढून माझ्या खात्यात ठेवली होती. मागचे आठ महिने ती भाकरी आमटीत भिजवून खात होती, हे तुला माहीत आहे. मला वाटलं ती रडेल किंवा वही माझ्या डोक्यात घालेल. ती पोकळ तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजे माझे दात इमानात बसान गेले?" आणि तिला हसू फुटलं. ती हसली म्हणून अक्षता हसली, हर्षद हसला. मी हसलो नाही. थोड्या वेळाने मला दिसलं की वनमालाचंही हसणं कधीच थांबलंय आणि ती पदराने डोळे पुसतेय. ते मी अजून विसरू शकलेलो नाही, म्हणून इथे लिहिलं.

संध्याकाळी हर्षद गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ दोघंही समोरच्या इमारतीचं रंगकाम बघत होतो. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही उतरल्यावर विमान वर गेलं की तुमच्या पोटात पण खड्डा पडतो?" मी म्हटलं, "पडतो." तो म्हणाला, "मला वाटलं मलाच." एवढंच बोलणं झालं. बारावीनंतर तो माझ्याशी इतका मोकळा बोलल्याचं मला आठवत नाही. त्याच रात्री जेवताना त्याने आपणहून मोबाईल अक्षताच्या हातात दिला आणि बँकेचे व्यवहार तिच्याकडे सोपवले. अक्षताने चौकशी करून एका सरकारी इस्पितळातली ओपीडी शोधली, तिथे दर गुरुवारी अशा लोकांना डॉक्टर भेटतात. दारूवाले, गुटखावाले आणि विमानवाले एकाच बाकावर असतात. हर्षद सात गुरुवार न चुकता गेला. आता सकाळी तो सात मिनिटांत संडासातून बाहेर येतो. (मोजलंय.) वनमालाला कवळी बसली, त्यासाठी हर्षदने कुरिअरच्या ऑफिसात दोन महिने रविवारचीही ड्युटी केली. दात बसल्यावर तिने पहिलं काय केलं असेल, तर खारे शेंगदाणे माझ्यासमोर बसून कडकडा खाल्ले, एक वाटीभर, काही न बोलता.

मी हर्षदच्या सोबतीला म्हणून इस्पितळात जातो आणि बाहेर बसतो. मागच्या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "आजोबा, तुम्ही पण येताय का आत?" मी म्हटलं, "छे छे, मी नुसता सोबत आलोय." माझं प्रकरण वेगळं होतं, ते कामाच्या निमित्ताने घडलं, आणि ज्या दिवशी वही उघडी पडली त्या दिवशी ते संपलं. मोबाईल शालूखाली आहे, मी सकाळी टिळक गार्डनला चार फेऱ्या मारतो, दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. सर्व काही रुळावर आलेलं आहे. तरी काळजी नसावी.

भावोजींना नमस्कार, तुझ्या सुलक्षणाच्या मुलांना अनेक आशीर्वाद. थंडी पडायला लागली की गुडघ्यांना नारायण तेल लाव.

तुझा लहानपणापासूनचा त्रास,
दशरथ

ता. क. १ : वनमाला भेटली की दात छान दिसतात असं म्हण. मी म्हटलं तर ती शेंगदाणे आणते.

ता. क. २ : पाकिटासोबत अक्षताच्या हाती कोकमांची पिशवी पाठवतोय. ती लॅबच्या कामाने कांदिवलीला येणार आहे. कोकमं एका भांड्यात काढून घेशील तेव्हा खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मोबाईल निघेल. तो माझा आहे. घाटकोपरला स्टेशनबाहेर जुना विकत घेतला होता, गणपतीनंतर, घरात कोणाला ठाऊक नाही. टिळक गार्डनला मी चार फेऱ्या मारतो असं वर लिहिलंय, प्रत्यक्षात एक मारतो आणि उरलेला वेळ बाकावर बसतो. मोबाईल चालू करू नकोस, भावोजींना देऊ नकोस, आणि मी स्वतः येऊन मागितला, काहीही कारण सांगितलं, अगदी वनमालाची शपथ घेतली, तरी मला देऊ नकोस. मला कारणं फार चांगली सुचतात.

ता. क. ३ : येत्या गुरुवारी मी आत जायचं ठरवलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, सोबत घरचं कोणीतरी हवं, सगळं त्याच्यासमोर बोलावं लागतं. हर्षदसमोर मला जमणार नाही, मी त्याला फार मोठं भाषण दिलेलं आहे. वनमालासमोर तर नाहीच. तेव्हा तू ये. हर्षदला या गुरुवारी रजा नाही, सकाळी साडेनऊला मी एकटाच इस्पितळाच्या फाटकाशी उभा असेन (पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय). फक्त एक कर, ताई. त्या दिवशी कानातलं यंत्र घरीच ठेव. माझा हात धरून शेजारी बसलीस की पुरे.